इमारतीचा पोलादी सांगाडा आणि भूसंपर्कन

ग्रामीण महाराष्ट्रातील सार्वजनिक इमारतींचे रूप गेल्या काही दशकांत पालटून गेले आहे. सागवानी वासे व मंगलोरी कौले यांची जागा लोखंडी खांब, अँगलच्या कैच्या आणि पन्हळी पत्रे यांनी घेतली. शाळेच्या वाढीव खोल्या, ग्रामपंचायतीचे सभागृह, धान्याचे गोदाम, आठवडी बाजारातील ओट्यांवरील छप्पर अशी बहुतेक बांधकामे आज पोलादी सांगाड्यावर उभी राहतात. ही पद्धत काटकसरीची आहे, कामही लवकर उरकते. मात्र याच छपराखाली दिवे, पंखे, संगणक, पाण्याचे पंप आणि अलीकडे सौर पटलेही येऊन बसली आहेत. लोखंड हे विजेचे वाहक. एखाद्या तारेचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून उघडे पडले, की एका पंख्यातील दोष संपूर्ण इमारतीचा दोष होतो. ज्या खांबाला मुले मधल्या सुट्टीत मिठी मारून गोल फिरतात, तो खांबही त्यातून सुटत नाही.

यावरील उपाय म्हणजे भूसंपर्कन, अर्थात सर्वांच्या तोंडी रुळलेले 'अर्थिंग'. शब्द परिचयाचा असला तरी त्याविषयीच्या समजुती फारशा शास्त्रशुद्ध नाहीत. प्रस्तुत लेखक कला शाखेचा. त्यामुळे या लेखात सूत्रांपेक्षा कारणांवर भर आहे. तथापि थोडे गणित टाळता येणार नाही आणि ते सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल इतके सोपे आहे.

खांब जमिनीतच आहे, मग अर्थिंग कशाला?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गावात विचारला जातो आणि वरवर पाहता तो रास्तही वाटतो. लोखंडी खांब पायात चार फूट पुरलेला आहे. जमिनीशी याहून घनिष्ठ संबंध कोणता असू शकेल? उत्तरासाठी विजेचा मार्ग पाहिला पाहिजे. गावाबाहेरच्या रोहित्रातून निघालेली वीज आपले काम करून पुन्हा त्याच रोहित्राकडे परतते. जमीन ही विजेला गिळून टाकणारी पोकळी नव्हे. ती परतीची एक वाट आहे, आणि तीही बरीच खडतर.

समजा, एका शाळेतील दिव्याची फेज तार कैचीला चिकटली. खांब व जमीन यांमधील रोध ४५ ओहम आहे आणि रोहित्रापाशी न्यूट्रल जिथे जमिनीला जोडले आहे तेथील रोध ५ ओहम. एकूण ५० ओहम. दाब २३० व्होल्ट. २३० ला ५० ने भागले की ४.६ अँपिअर प्रवाह मिळतो. त्या मंडलावर १६ अँपिअरचा एम.सी.बी. बसविलेला आहे. ४.६ अँपिअर हा त्याच्या दृष्टीने अगदी नेहमीचा भार, म्हणून तो जागचा हलत नाही. आणि खांबावर किती दाब राहिला? ४.६ गुणिले ४५, म्हणजे २०७ व्होल्ट. खांब जमिनीत आहे, वीज जमिनीत जात आहे, आणि तरीही खांब जवळजवळ उघड्या तारेइतकाच घातक आहे. जाता जाता हेही सांगावयास हवे, की अशा स्थितीत तासाला सुमारे एक युनिट वीज जमिनीत वाहून जाते. दिवे-पंखे बंद असूनही एखाद्या शाळेचे देयक अकारण फुगू लागले, तर ही शक्यता तपासून पाहावी.

आता कोणी म्हणेल, की वेगळा खड्डा खणून, तांब्याची प्लेट पुरून उत्तम अर्थिंग करू. तसेही करून पाहू. खांबाकडील रोध ५ ओहमपर्यंत खाली आणला. एकूण १० ओहम, प्रवाह २३ अँपिअर. १६ अँपिअरचा एम.सी.बी. तेवढ्या प्रवाहाला सुटण्यास पाऊण-एक तासही घेऊ शकतो, कारण त्याच्या रचनेत दीडपटीच्या आतील अतिभार काही काळ सोसण्याची मुभाच ठेवलेली असते. तोपर्यंत खांबावर ११५ व्होल्ट.

माणसाच्या शरीराचा हातापासून पायापर्यंतचा रोध ढोबळमानाने एक ते दोन हजार ओहम असतो. त्वचा ओली असल्यास तो आणखी घटतो. सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाहाला स्नायू असे आखडतात, की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे तो छातीतून काही काळ वाहिला, तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका उत्पन्न होतो. अनवाणी मूल, पावसाने भिजलेले अंगण आणि शंभराहून अधिक व्होल्टचा खांब हे त्रैराशिक शिक्षकांना मांडून दाखविण्याची गरज नाही.

धातूची परतवाट आणि गळती ओळखणारा स्विच

तेव्हा नुसते लोखंड जमिनीत पुरल्याने संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळते ते दोष उत्पन्न होताच पुरवठा आपोआप तुटल्याने. तो तुटण्याचे मार्ग दोन आहेत.

पहिला मार्ग धातूच्या परतवाटेचा. सांगाडा भूसंपर्क तारेने मुख्य फलकाशी आणि तेथून वीजपुरवठादाराच्या भूसंपर्क अग्राशी जोडला, तर संपूर्ण फेऱ्याचा रोध एखाद्या ओहमवर येतो. २३० भागिले १ म्हणजे २३० अँपिअर. एवढ्या प्रवाहाला १६ अँपिअरचा एम.सी.बी. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुटतो. असे अग्र ग्राहकाच्या आवारात पुरवठादाराने उपलब्ध करून द्यावे, ही तरतूद १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमात होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांतही ती कायम राहिली. प्रत्यक्षात अनेक गावांतील जोडणीत केवळ फेज व न्यूट्रल अशा दोनच तारा इमारतीपर्यंत आलेल्या दिसतात. नवी जोडणी घेताना या अग्राची लेखी मागणी करणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे.

दुसरा मार्ग आर.सी.सी.बी. या उपकरणाचा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. दोहोंत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली, की क्षणार्धात पुरवठा बंद. आपल्या उदाहरणातील ४.६ अँपिअरची गळती ही त्याच्या मर्यादेच्या दीडशे पटीहून अधिक आहे. जेथे धातूची परतवाट नाही तेथे हे उपकरण अनिवार्यच मानावे, आणि जेथे ती आहे तेथेही बसवावे. एका गैरसमजाचा मात्र येथेच निरास केला पाहिजे. या स्विचवर 'टी' असे अक्षर असलेले एक बटण असते. ते दाबले आणि स्विच पडला, की सर्व ठीक आहे असे समजण्यात येते. त्या बटणाने स्विचची यंत्रणा तेवढी तपासली जाते. ते उपकरणाच्या आतल्या आतच कृत्रिम तफावत निर्माण करीत असल्याने बाहेरची भूसंपर्क तार तुटलेली असली तरीही स्विच पडेल. बटण महिन्यातून एकदा अवश्य दाबावे, पण त्यावरून अर्थिंगला प्रशस्तिपत्र देऊ नये.

सांगाडा एकसंध करणे

इमारत एका रंगाची दिसते, म्हणून ती विजेच्या दृष्टीनेही एक असते असे नाही. कैचीचे भाग जोडण्यापूर्वी त्यांवर रेड ऑक्साइडचा थर दिलेला असतो. हा थर गंजापासून राखतो, परंतु विजेच्या वाटेत तो आडकाठी आहे. नटबोल्ट कितीही आवळले तरी रंगाच्या दोन थरांमधून जाणारा संपर्क भरवशाचा नसतो. त्यामुळे पूर्वेकडचा खांब अर्थ केला, म्हणून पश्चिमेकडची कैची अर्थ झाली असे गृहीत धरता येत नाही.

वेल्डिंग केलेले सांधे या बाबतीत निर्धोक. बोल्टच्या सांध्यावर मात्र जी.आय. पट्टीचा अथवा तारेचा छोटा पूल घालावा. जेथे पट्टी बसवावयाची तेथील रंग व गंज खरवडून धातू चकचकीत करावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळावा आणि जोड पूर्ण झाल्यावर वरून पुन्हा रंग किंवा डांबरी लेप द्यावा. हा क्रम बरेचदा उलटा होतो. रंगावरच बोल्ट आवळला जातो आणि जोड मात्र उघडा राहतो. पट्टी २५ गुणिले ३ मि.मी. किंवा त्याहून मोठी असावी. लोखंडाला तांब्याची तार थेट जोडू नये. भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले, की त्यांतील एक झिजू लागतो आणि येथे झिजणारा भाग लोखंडाचा असतो. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड लोखंडाला जोडणे हेच सरळ. तांबे वापरणे भागच असेल तर कथिलाचा मुलामा दिलेला लग घालावा.

खिडक्यांचे गज, सरकते दार, जिन्याचा कठडा, पाण्याची लोखंडी नळी आणि छपरावरील सौर पटलांच्या चौकटीही या जाळ्यात आणाव्यात. याचे कारण शिक्षकांना वर्गात सांगता येण्यासारखे आहे. विजेच्या तारेवर कावळा निवांत बसतो, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. धोका दाबापेक्षा दाबांतील फरकाचा. मुलाचा एक हात खांबावर व दुसरा नळावर असेल आणि दोन्ही वस्तू एकमेकींशी धातूने बांधलेल्या असतील, तर दोहोंत फरकच उरत नाही. पाण्याच्या नळीलाच अर्थिंग मानण्याची जुनी पद्धत मात्र आता सोडून द्यावी. नळी जमिनीबाहेर लोखंडी दिसली, तरी आत ती बहुधा प्लॅस्टिकची असते.

न्यूट्रलविषयीचा घातक उपाय

अर्थिंगची तार नाही, तेव्हा न्यूट्रललाच सांगाडा जोडून टाकू, असा तोडगा काही वायरमन काढतात. त्याने काम भागल्यासारखे वाटते आणि एम.सी.बी.ही तत्परतेने सुटतो. परंतु खांबावरची न्यूट्रल तार वाऱ्याने तुटली, की इमारतीतील प्रत्येक चालू दिव्यातून आणि पंख्यातून फेजचा दाब थेट सांगाड्यावर येतो. दोष कोणत्याही उपकरणात नसतो, तरीही संपूर्ण शाळा विजेने भारलेली असते. ग्राहकाच्या बाजूस न्यूट्रल व भूसंपर्क यांची गाठ कोठेही पडता कामा नये. पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्याने मुख्य फलकाचे झाकण उघडून घेऊन वायरमनकडून ही एक गोष्ट तरी दाखवून घ्यावी.

पायातच इलेक्ट्रोड

नव्या इमारतींसाठी एक उत्तम व स्वस्त मार्ग उपलब्ध आहे. त्याचा उगम अमेरिकेतील ॲरिझोना या कोरड्या राज्यात झाला. १९४२ मध्ये तेथील लष्करी दारूगोळ्याच्या कोठारांना विजांपासून राखण्याचा प्रश्न हर्बर्ट यूफर या अभियंत्यापुढे आला. जमीन इतकी शुष्क, की नुसत्या पुरलेल्या सळईचा भरवसा धरता येईना. यूफर यांनी कोठारांच्या पायातील काँक्रीटमध्ये असलेल्या सळयांचाच इलेक्ट्रोड केला. पुढे अनेक वर्षे घेतलेल्या मोजमापांत रोध ५ ओहमच्या आसपास किंवा त्याखालीच आढळला. जमिनीत राहणारे काँक्रीट भोवतालचा ओलावा शोषून धरते व सहजी सुकत नाही. शिवाय ते साऱ्या पायाच्या पृष्ठभागातून मातीशी संपर्क राखते आणि आतील पोलाद गंजूही देत नाही. भारतीय मानक आय.एस. ३०४३ हे भूसंपर्कनाविषयीचे मूळ मानक १९६६ चे असून १९८७ व २०१८ मध्ये ते सुधारले गेले. पायातील पोलादाच्या या उपयोगाला त्यातही स्थान आहे.

आपल्याकडे ही पद्धत विशेष उपयोगी ठरावी. दख्खनच्या पठारावर दोन-तीन फूट माती व मुरूम लागला, की खाली काळा बेसाल्ट. कोकणात जांभा. दोन्ही विजेचे कुवाहक. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती ओली असताना फार चांगली साथ देते, परंतु वैशाखात ती भेगाळते आणि पुरलेल्या पाइपपासून दूर सरकते.

करावयाचे ते एवढेच. काँक्रीट ओतण्यापूर्वी पायाच्या तळाशी किमान १० मि.मी. व्यासाची स्वतंत्र सळई किंवा जाड पट्टी सर्व बाजूंनी वळसा घालून ठेवावी, ती इतर सळयांना ठिकठिकाणी बांधावी आणि तिचे एक टोक फाउंडेशन बोल्टला वेल्ड करून, दुसरे जोत्याच्या वर भिंतीपाशी काढून ठेवावे. सळईभोवती काँक्रीटचे किमान ५० मि.मी. आवरण राहिले पाहिजे. मुख्य भारवाहक सळयांवर अभियंत्याच्या संमतीवाचून वेल्डिंग करू नये, कारण उष्णतेने त्यांचे बळ घटू शकते. म्हणूनच स्वतंत्र सळई. पायाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला असेल, तर मात्र ही सारी योजना निष्फळ होते.

अडचण अशी, की हे काम चार तासांचे आणि संधी एकदाच येणारी. गवंडी आणि वायरमन यांची पायाच्या वेळी कधी गाठच पडत नाही. वायरमन येतो तो प्लास्टर झाल्यावर. अंदाजपत्रकात अर्थिंगची बाब विद्युत कामांत असते व पाया स्थापत्य कामांत. ही एक ओळ स्थापत्य भागात घातली, तर बराच प्रश्न सुटेल.

जुनी इमारत असल्यास

तेथे खड्डा खणण्यावाचून गत्यंतर नाही. मानकानुसार जी.आय. पाइप ३८ मि.मी. अंतर्व्यासाचा आणि किमान अडीच मीटर लांबीचा असावा. प्लेट असेल तर ६० गुणिले ६० सें.मी. आकाराची व दीड मीटर खोल. इमारतीच्या भिंतीपासून दीड मीटरच्या आत इलेक्ट्रोड पुरू नये. खडक लागल्यास त्याच्याशी झुंजत बसण्यापेक्षा अर्धा-पाऊण मीटर खोल चर काढून त्यात लांब पट्टी अंथरणे शहाणपणाचे. दोन पाइप पुरावयाचे झाल्यास त्यांच्यात पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर राखावे. अगदी शेजारी पुरलेले दोन पाइप जवळपास एकाचेच काम करतात.

मीठ व लोणारी कोळसा घालण्याची चाल जुनी आहे. मीठ पहिल्या दिवशी आकडा चांगला दाखविते, मात्र दर पावसाळ्यात ते वाहून जाते आणि पाइपही कुरतडते. ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइट माती हा अधिक टिकाऊ पर्याय होय.

विजेपासून संरक्षणासाठी बसविलेल्या तडितरक्षकाची स्वतंत्र अर्थिंग ठेवून ती सांगाड्यापासून अलग राखण्याचा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. तो बरोबर नाही. वीज कोसळली असता दोन अलग अर्थिंगमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि ठिणगी मधली जागा ओलांडते. सर्व इलेक्ट्रोड जमिनीपाशी एकमेकांना जोडलेलेच असावेत. एकसंध पोलादी सांगाडा तर वीज खाली उतरविण्याचा उत्तम मार्ग ठरू शकतो. अट एवढीच, की छपरापासून जमिनीपर्यंत मोजलेला धातूचा रोध ०.२ ओहमहून अधिक नसावा.

गणेशोत्सव, जत्रा वा लग्नाचे लोखंडी मंडप हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय. येथे इतकेच, की भाद्रपदातील पाऊस, पाइपांचा सांगाडा, रोषणाईच्या उघड्या जोडांच्या माळा आणि दाटीवाटीने उभी असलेली माणसे असा योग दुसरीकडे क्वचितच जुळतो. परवानगी देताना मंडपाच्या तात्पुरत्या फलकावर आर.सी.सी.बी. आहे किंवा कसे, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

मोजमाप आणि नोंद

पुरलेली वस्तू दिसत नाही, आणि जी दिसत नाही तिचे देयक मंजूर करणे ही मोठी जबाबदारीची बाब होय. पायातील सळई, खड्ड्यातील पाइप व पट्टीचे जोड यांची छायाचित्रे काँक्रीट किंवा माती टाकण्यापूर्वी घेऊन ती मोजमाप पुस्तकातील नोंदीसोबत ठेवावीत. काम अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याच्या चाचणी अहवालात चार आकडे मागावेत : इलेक्ट्रोडचा रोध, दोषमार्गाच्या संपूर्ण फेऱ्याचा रोध, आर.सी.सी.बी. सुटण्यास लागलेला वेळ, आणि मुख्य फलकापासून सर्वांत दूरच्या कैचीपर्यंतचा धातूचा रोध. चौथा आकडा सहसा कोणी मागत नाही. सांगाडा एकसंध आहे किंवा नाही हे त्यावरच कळते.

इलेक्ट्रोडचा रोध अर्थ टेस्टर या यंत्राने मोजतात. पावसाळ्यात घेतलेला आकडा फसवा असतो, म्हणून ही मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, माती सर्वाधिक कोरडी असताना करावी. सुट्टीमुळे शाळाही तेव्हा मोकळी असते. मिळालेला आकडा व तारीख नोंदवहीत लिहून, खड्ड्याच्या झाकणावरही तेलरंगाने लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या वायरमनला मागचा आकडा शोधत कार्यालयात जावे लागणार नाही.